ग्वाल्हेर ते पुणे, मागच्या सीटवर कुत्रा

ग्वाल्हेरच्या मराठी घरांना पुण्याचा रस्ता नवा नाही. शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. महादजी १७९४ साली वारले ते पुण्यात, वानवडीला. तेव्हापासून ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमसारख्या आजच्या वसाहतींपर्यंत ही ये-जा चालूच आहे. आता फरक एवढाच, की दिवाळीला निघताना घरातल्या कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. रेल्वेत त्याला जवळ ठेवायचं तर फर्स्ट एसीचं अख्खं कुपे किंवा केबिन हवं, नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटाऱ्यात. सणाच्या गर्दीत अख्खं कुपे कोणाला मिळतंय? म्हणजे गाडी काढणं आलं.

झाशी रोडला लागलं की रस्ता ठरवावा लागतो. एक वाट झाशी, सागर, सिवनीवरून नागपूरला जाते आणि तिथून समृद्धी महामार्ग धरता येतो. दुसरी म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता: शिवपुरी, गुना, ब्यावरा, इंदूर, सेंधवा, धुळे, नाशिक आणि मग पुणे. ही दुसरी वाट साधारण अकराशे किलोमीटरची, पहिलीला दोन-अडीचशे किलोमीटरचा वळसा. तरीही समृद्धीचा मोह होतो. ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता, जून २०२५ पासून पूर्ण खुला, ना सिग्नल ना गाव. पण कुत्र्यासाठी नेमकी हीच अडचण. दर दोन-अडीच तासांनी त्याला उतरवायला हवं, आणि दोन्ही बाजूंनी बंद असलेल्या रस्त्यावर मनात येईल तिथे थांबता येत नाही. कडेला गाडी लावावी तर शेजारून १२०च्या वेगाने वाहनं जाणार. जायचं नागपूरलाच असेल तर गोष्ट वेगळी. वाटेत पेंचच्या जंगलात प्राण्यांना पलीकडे जाता यावं म्हणून सिवनी-नागपूर रस्त्याखाली नऊ मोकळ्या वाटा ठेवल्या आहेत आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेलेत. ते काचेआडून आठवावं, खाली उतरून नव्हे.

पुण्याला जाणाऱ्याने जुनाच रस्ता धरावा असं माझं मत. गावं आहेत, फाटे आहेत, अडलं तर तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना आहे. मात्र ढाब्यापाशी थांबू नये. प्रत्येक ढाब्यावर तिथल्या कुत्र्यांची टोळी असते आणि पाहुणा उतरला की ती धावून येते. त्यापेक्षा पेट्रोल पंपाचं मोकळं आवार बरं, किंवा हमरस्ता सोडून शे-दोनशे पावलांवरची शेतवाट. आधी पट्टा हातात घ्यायचा, मग दार उघडायचं. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवावी; पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्यावर कुत्र्याला चालवू नये. गवतातून आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहायचे, कारण गोचीडतापाची सुरुवात तिथूनच होते. पाणी घरचंच न्यावं आणि निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवावं, म्हणजे इंदूरच्या पुढच्या घाटात गाडी धुवायची वेळ येत नाही. लसीकरणाचं पुस्तक डिकीत नको, समोरच्या कप्प्यात हवं.

जेवायला सगळ्यांनी एकदम जाऊ नये. एकाने गाडीपाशी राहायचं, मग आळीपाळीने. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंश होतात. काच दोन बोटं खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्याला तेवढंही धड जमत नाही. म्हणून मे महिन्यात हा प्रवास करूच नये. दिवाळीत हवा बरी असते, पहाटे निघावं आणि इंदूरला मुक्काम करावा. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटेचं निघणं अंगाशी येतं, कारण ग्वाल्हेरकडचं धुकं ऊन वर आल्याशिवाय हटत नाही. आणि फटाक्यांचं म्हणाल तर माणसाचा कान २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५ हजारांपर्यंत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रस्त्यात असण्यापेक्षा वसुबारसेच्या आत पोचलेलं चांगलं.

शिवपुरीजवळ माधव राष्ट्रीय उद्यान आहे, मार्च २०२५ पासून व्याघ्र प्रकल्प. त्या भागात खाली उतरायचं नाही हे सहज पटतं. पण खरी धास्ती पुढे, आपल्या ओळखीच्या मुलखात आहे. अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या खाण्याचा विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात भक्ष्याच्या वजनाचा ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. नाशिक-पुणे रस्ता याच पट्ट्याला लागून संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव करत जातो. दोन्ही बाजूंना ऊस. रात्री त्या उसाच्या कडेला कुत्र्याला ‘जरा मोकळं’ सोडणं म्हणजे ताट वाढून ठेवणं.

नाशिकला द्राक्षं घ्यायचा मोह होतो, ती पिशवी कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नये; द्राक्षं आणि बेदाणे त्याच्या मूत्रपिंडांवर उठतात. फराळाच्या डब्यातला बेदाणे घातलेला चिवडाही त्यातलाच. कांदाही वर्ज्य.

नाशिकहून दुपारी लवकर निघालं तर उसाचा पट्टा उजेडातच मागे पडतो. राजगुरुनगरला त्याला एकदा उतरवून घ्यावं. पुढे चाकणच्या कोंडीत गाडी अडकली की तासभर दार उघडायची सोय नसते.