एका फ्रेममध्ये न मावणारं वर्तुळ

भेडाघाटच्या चौसष्ट योगिनी मंदिरात कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न येतो तो उभं कुठे राहायचं हा. टेकडीच्या पायऱ्या चढून आत शिरलं की सुमारे १२५ फूट व्यासाचं गोल आवार समोर येतं. भिंतीच्या आतल्या अंगाने खांबांची ओवरी, ओवरीत ओळीने कोनाडे आणि कोनाड्यांत बसलेल्या योगिनी. वर मोकळं आभाळ, अंगणात गौरीशंकराचं देऊळ. देवळाकडे तोंड केलं की निम्म्या योगिनी पाठीशी जातात, ओवरीकडे वळलं की देऊळ सुटतं. वाइड अँगल लेन्स लावली तर बरंच काही फ्रेममध्ये येतं खरं, पण इतकं खुजं होऊन, की या जागेचा दरारा उरत नाही.

जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं हे मंदिर कलचुरी राजांनी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलं, असं अभ्यासक मानतात. ते फिरत फिरत बघायचं आहे. एका जागी उभं राहून ते कुणालाच पुरतं दिसत नाही. फेरी झाल्यावर बघणाऱ्याच्या मनात त्याची जुळणी होते. मनातली ही जुळणी कागदावर उतरवण्याचा एक जुना मार्ग छायाचित्रणात आहे, तो म्हणजे मल्टिपल एक्स्पोजर. एकाच फ्रेमवर दोनदा, चारदा, आठदा प्रकाश घ्यायचा आणि सगळी दृश्यं एकमेकांत मिसळू द्यायची.

फिल्मच्या काळात यासाठी रोल पुढे न सरकवता पुन्हा शटर दाबावं लागे. प्रकाशाची वाटणी मात्र काटेकोर हवी. दोन दृश्यं घ्यायची तर प्रत्येकाला एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश, चार घ्यायची तर दोन स्टॉप, आठ असतील तर तीन. फिल्मवर जिथे सावली पडलेली असते तिथे जागा जवळपास कोरी राहते आणि पुढचं दृश्य तिथे उमटतं. जिथे लख्ख आभाळ पडलं, तिथे नंतर काहीही टिकत नाही. वास्तूंचे फोटो याच आभाळापायी फसतात. डिजिटल कॅमेऱ्यांनी ही अडचण बरीच कमी केली. २०१२ साली आलेल्या कॅनन ५डी मार्क थ्री या कॅमेऱ्यात दोन ते नऊ दृश्यं एकत्र करण्याची सोय होती आणि ती मिसळण्याच्या चार तऱ्हाही होत्या. त्यांपैकी ‘डार्क’ या तऱ्हेत गडद भाग राखला जातो, त्यामुळे पांढऱ्या आभाळापुढचा खांब पुसला जात नाही. भेडाघाटच्या उघड्या अंगणात कामाची तऱ्हा हीच.

निगेटिव्हवर निगेटिव्ह चढवण्याचा खटाटोप आपल्याकडे फार लवकर सुरू झाला. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून दोन खंड प्रसिद्ध केले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यांतल्या कित्येक चित्रांत माणसं वेगळी टिपलेली आहेत आणि मागची इमारत किंवा किनारा वेगळा. दोहोंचं एक चित्र छपाईत केलेलं आहे. तिथे वास्तू मागचा पडदा म्हणून आली. तिच्याकडे मुख्य विषय म्हणून बघण्याचं जॉन्सनच्या मनात नव्हतं.

या कथेतलं खरं महत्त्वाचं मराठी नाव दादासाहेब फाळके यांचं. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचं आयुष्य इतकं सांगितलं गेलं आहे, की त्याआधीची वर्षं झाकोळून गेली. बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रणाबरोबर वास्तुकलेचंही शिक्षण घेतलं. गोध्र्याला स्टुडिओ चालवला. १९०३च्या सुमारास ते पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि छायाचित्रकार म्हणून लागले. या नोकरीत वास्तू नेमकी टिपायची असते. खांब सरळ, कोरीव काम स्वच्छ, मापं विश्वासार्ह. स्वदेशीच्या वाऱ्यात फाळक्यांनी ती नोकरी सोडली. मग १९१२ साली रोप कसं वाढतं हे थोड्या थोड्या वेळाने फ्रेम टिपून त्यांनी पडद्यावर दाखवलं आणि १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये, १९१९च्या ‘कालियामर्दन’मध्ये ट्रिक सीनची करामत केली. दगडी खांब इंच-इंच खरा टिपण्याची शिस्त आणि प्रतिमेवर प्रतिमा चढवून अशक्य ते दाखवण्याची हिंमत, दोन्ही एकाच हातात होत्या. मल्टिपल एक्स्पोजरला वास्तूचा विपर्यास म्हणणाऱ्यांनी फाळक्यांचा हा प्रवास डोळ्यांपुढे ठेवावा. वास्तू नेमकी टिपता येणाऱ्यालाच तिचे थर रचता येतात.

वास्तूला नायिका करून असे प्रयोग झाले ते युरोप-अमेरिकेत, दोन महायुद्धांमधल्या काळात. जर्मेन क्रुल या छायाचित्रकर्तीने १९२८ साली ‘मेटाल’ हा चौसष्ट चित्रांचा संच काढला. आयफेल टॉवर, बंदरातल्या क्रेन, उचलते पूल असे त्यातले विषय, आणि काही चित्रांत लोखंडावर लोखंड चढवलेलं. चार वर्षांनी एडवर्ड स्टायकेनने न्यूयॉर्कची नवी कोरी एम्पायर स्टेट बिल्डिंग टिपली. १०२ मजल्यांची ती इमारत एका सरळ फोटोत नुसतीच उंच दिसत होती. त्याने दोन निगेटिव्ह एकमेकांवर ठेवल्या, एक किंचित कलती. त्या चित्राला त्याने ‘मेपोल’ नाव दिलं, वसंतोत्सवात ज्याभोवती फेर धरतात त्या खांबाचं. इमारत जागेवर आहे आणि हलतेही आहे. इतक्या वर्षांनंतरही या प्रकारातलं हे सर्वांत ताकदीचं चित्र ठरतं, कारण त्यात मोजून दोनच थर आहेत आणि मधला कणा कुठेही हरवत नाही.

अलीकडच्या प्रयोगांत स्पेनमध्ये जन्मलेला पेप व्हेंतोसा एखाद्या झाडाभोवती किंवा स्मारकाभोवती फेरी घालत अनेक फोटो काढतो आणि ते विरळ करून एकमेकांवर रचतो. मधली वस्तू ओळखू येते, भोवताल वितळून जातो. आपल्याकडे देवळाभोवती घालतात तीच ही प्रदक्षिणा, फक्त कॅमेऱ्याने घातलेली. ब्रिटिश कलावंत इद्रिस खान याचा रस्ता वेगळा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने पाण्याच्या टाक्या, गॅसच्या टाक्या, लाकडी चौकटींची घरं वर्षानुवर्षं एकाच शिस्तीत टिपली होती. खानने २००४ साली त्यांतले एकेका प्रकारचे सगळे फोटो एकावर एक चढवले. कोळशाने रेखाटल्यासारखी कंप पावणारी आकृती तयार झाली. एकही घर ओळखू येत नाही, पण घरपण दिसतं.

खानची ही रीत भेडाघाटला आणावी का? मोह होण्यासारखी जागा आहे. नाव चौसष्ट योगिनींचं असलं, तरी ८१ योगिनींसाठी रचलेले एकसारखे कोनाडे, सारख्या अंतरावर खांब, जवळपास माणसाच्या मापाच्या बैठ्या मूर्ती. सगळ्या एकावर एक ठेवल्या तर एक महायोगिनी तयार होईल आणि ती सुंदरही दिसेल. पण इथे थांबायला हवं. बेखरांच्या टाक्यांना नावं नव्हती. या मूर्तींच्या पीठांवर नावं कोरलेली आहेत. कामदा, फणेंद्री, रणाजिरा, महिषासुराला मारणारी तेरंवा, एकाच शिळेत अनेक मुखं असलेली सर्वतोमुखी. प्रत्येकीचं वाहन वेगळं, आयुधं वेगळी. बहुतेकींचे हात तुटलेले आहेत, चेहरे फोडलेले आहेत. त्या सगळ्यांची सरासरी काढली तर तुटलेल्या जागा दुसऱ्या मूर्तीच्या अवयवांनी भरून निघतील आणि मंदिराने सोसलेलं सगळं एका गुळगुळीत चेहऱ्याआड जाईल. हे करू नये. मूर्ती एकेकट्या, सरळ टिपाव्यात. थर द्यायचे ते खांबांना, ओवरीच्या वळणाला, सरकणाऱ्या सावलीला.

सावली हाच इथला मोठा विषय आहे. आवार गोल असल्यामुळे सकाळचं ऊन ओवरीच्या एका बाजूत शिरतं आणि संध्याकाळचं समोरच्या. कॅमेरा एका जागी रोखून सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशी तीन दृश्यं एका फ्रेमवर घेतली, तर अख्खा दिवस त्या दगडावर उमटेल. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. ती आधीच काढून ठेवावी. प्रदक्षिणेच्या पद्धतीला ट्रायपॉड लागतच नाही.

जबलपूर शहरातही या कामाला जागा आहेत. मदनमहाल किल्ला प्रचंड शिळेवर बसला आहे, तिथे कातळ आणि भिंत यांचे थर सहज मिसळतात. १८८९ची, कमानी-बुरुजांची उच्च न्यायालयाची इमारत दोनच थरांत, स्टायकेनच्या संयमाने करावी. 

मात्र सगळ्यांत मोठं काम भेडाघाटलाच शिल्लक आहे, जुन्या नोंदी आणि नवी चित्रं एकत्र मांडण्याचं. कलचुरी राणी अल्हणदेवीने शिवमंदिर आणि मठ बांधल्याची नोंद करणारा ११५५चा शिलालेख इथे सापडला. एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासक फिट्झएडवर्ड हॉल यांच्यामार्फत अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे गेला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा जो खंड १९५५ साली सिद्ध केला, त्यात या लेखाचं संपादन आहे. राखालदास बॅनर्जी यांचा त्रिपुरीच्या हैहयांच्या, म्हणजे याच कलचुरींच्या, वास्तूंवरचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, त्यात या मंदिराच्या प्लेट आहेत. बॅनर्जींच्या प्लेट, शिलालेखाचा ठसा आणि आजच्या छायाचित्रकाराने ओवरीभोवती फिरून रचलेली चित्रं जबलपूरच्या राणी दुर्गावती संग्रहालयात शेजारी शेजारी लावता येतील. प्रत्येक नव्या चित्राखाली तीन गोष्टी लिहाव्यात: किती एक्स्पोजर, कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी.