पडद्याचे कापड : झगमग नको, टिकाऊ हवे

घरकुलाचे बांधकाम पुरे होते, भिंतींना रंग लागतो आणि मग पडद्यांचा, दिवाणाच्या खोळीचा विषय निघतो. हौस रास्तच आहे. पण हाती पैसा थोडा उरलेला असतो आणि नेमके त्याच वेळी दुकानातले चकचकीत कापड डोळ्यांत भरते. मागे आम्हीही असेच फसलो. छापील पट्ट्यांचे कापड घेतले. पहिल्याच धुण्यात पडदा चार बोटे आखडला आणि एका उन्हाळ्यात पट्टे उडाले. मजुरीचे पैसे वाया गेले. म्हणून हे चार शब्द.

आमचे मत असे की, बदामी, मातकट किंवा राखी रंगाचे, साध्या पट्ट्यांचे सुती-लिनन मिश्र कापड आपल्या घरांना सोयीचे. त्यावर धूळ चटकन दिसत नाही, भिंतीचा रंग बदलला तरी ते शोभते आणि पडदा ओढूनही खोलीत थोडा उजेड राहतो. मुलांचा अभ्यास अडत नाही.

लिनन हे नाव ऐकून बिचकू नका. आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याच झाडाच्या काडीतून हा धागा निघतो. आपल्याकडे जवस तेलासाठी पेरतात. धाग्याच्या उंच वाढणाऱ्या जाती वेगळ्या. त्या फ्रान्स-बेल्जियमकडे पिकतात, म्हणून लिनन महाग पडते. कापूस मात्र आपल्या दारचा. खामगावचा रेल्वे फाटा १८७० साली सुरू झाला तो कापसासाठीच. जवसाचा धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो व लवकर वाळतो. सुतामुळे कापड मऊ होते आणि किंमतही उतरते. दोष एकच, ते चुरगळते. म्हणून घट्ट पिळू नये.

दुकानात कापडाची उलटी बाजू आधी बघावी. पट्टे विणलेले असतील तर दोन्हीकडे सारखे दिसतात. छापील असतील तर मागून फिके. ओला पांढरा रुमाल घासून रंग सुटतो का ते पाहावे. शक्य तर आधी अर्धा मीटरच घ्यावे. त्यावर बारा इंचांची खूण करून धुवावे, वाळवावे आणि पुन्हा मोजावे. साडेअकरा भरले तर फुटामागे अर्धा इंच आटते, असा हिशेब धरावा.

आता माप. खिडकी चार फूट रुंद, साडेचार फूट उंच आणि कापडाचा पन्हा ४८ इंच असेल, तर दोन पाट लागतात. म्हणजे चुण्या चांगल्या पडतात. उंची ५४ इंच, दुमडीसाठी १०, आटण्यासाठी ४. एकूण ६८ इंच. दोन पाटांना साडेतीन मीटर पुरते. पडद्याचे पट्टे उभे ठेवावेत, खिडकी उंच दिसते. दिवाणाला मात्र त्याच रंगाचे, पण जाड विणीचे कापड घ्यावे आणि जोडावर पट्टे जुळवण्यासाठी थोडे जास्त आणावे. शिवण्याआधी सगळे कापड एकदा धुवून घ्यावे.

घाटावर बुलढाणा-चिखलीकडे एकेरी पडदा चालतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे पश्चिमेच्या खिडकीला मांजरपाटाचे अस्तर लावावे. ऊन आधी अस्तर झेलते, पट्टे टिकतात.

शेवटी एक सांगणे. मोठ्या दुकानात 'ठाण उलगडून दाखवा' म्हणायला आपल्या भगिनी संकोचतात. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे करीत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. कापड विणण्याच्या हक्कासाठी आपली माणसे भांडली. मग आपल्या पैशाचे कापड उलटून-पालटून पाहायला आपण का लाजावे?