लाल शनिवार, जुनी नावे

अमेरिकेच्या नकाशावर साधारण मध्यभागी बोट ठेवले की नेब्रास्का नावाचे राज्य लागते. मका, सोयाबीन आणि गुरे हे इथले वैभव. साऱ्या राज्याची वस्ती वीस लाखांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. या राज्याला समुद्र नाही, उंच डोंगर नाहीत आणि ‘एनएफएल’ या व्यावसायिक फुटबॉल लीगमधला एकही संघ नाही. आहे तो लिंकन शहरातल्या विद्यापीठाचा संघ. त्याचे नाव ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे!

शरद ऋतूतल्या शनिवारी या विद्यापीठाच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ऐंशी-पंच्याऐंशी हजार माणसे लाल कपडे घालून बसतात. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे सोडली तर राज्यातल्या कोणत्याही गावाची वस्ती एवढी नाही. त्यामुळे सामन्याच्या दिवशी स्टेडियम हेच राज्यातले तिसरे मोठे गाव ठरते, असे तिथले लोक कौतुकाने सांगतात. ३ नोव्हेंबर १९६२ पासून इथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपत आली आहेत. अपवाद फक्त २०२० च्या साथीचा. २० सप्टेंबर २०२४ रोजी असा चारशेवा सामना झाला. त्या दिवशी संघ हरला. पण पुढच्या सामन्याचीही तिकिटे संपलीच.

हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, हे आधी सांगायला हवे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा, आणि समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांनी तो अडवायचा, असा हा खेळ. चेंडू कोणाकडे द्यायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक; संघाचा जणू सारथीच. खेळणारे सारे विद्यार्थी. चार-पाच वर्षे खेळायचे आणि निघून जायचे. म्हणून इथल्या चाहत्यांच्या गप्पांना दोनच विषय पुरतात : गेलेले कसे होते आणि येणारे कसे असतील.

हिवाळ्यात मैदान बर्फाखाली जाते, तेव्हा या गप्पांना खरा रंग चढतो. एकाच घरात तीन पिढ्यांचे तीन फुटबॉल नांदतात. आजोबांचा फुटबॉल १९७१ चा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सणाला, ओक्लाहोमाविरुद्धच्या सामन्यात जॉनी रॉजर्सने प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू झेलला आणि सगळ्यांना चुकवत ७२ यार्ड धावत नेला. नेब्रास्का ३५-३१ अशी जिंकली. वडिलांचा फुटबॉल १९९५ च्या हंगामाचा. त्याच्या अखेरच्या सामन्यात, २ जानेवारी १९९६ ला, टॉमी फ्रेझर फ्लोरिडाच्या गड्यांना अंगावरून झटकत ७५ यार्ड धावला आणि नेब्रास्काने ६२-२४ असा विजय मिळवला. नातवाचा फुटबॉल मात्र अजून यायचा आहे. कोणत्या शाळेतला कोणता मुलगा आपल्याकडे येणार, त्याला जाणकारांनी पाचपैकी किती तारे दिले, हे त्याला तोंडपाठ असते. आजोबा हसतात. ‘तारे आभाळात असतात, मैदानात माती असते,’ अशी त्यांची एकूण भूमिका!

आणि एक वाद तर चाळीस वर्षे झाली तरी मिटलेला नाही. २ जानेवारी १९८४. हंगामातले सगळे बारा सामने जिंकून नेब्रास्काचा संघ मायामीविरुद्ध अखेरचा सामना खेळत होता. शेवटच्या मिनिटात गुणफलक ३१-३० असा आला. चेंडूला एक सोपी किक मारली की बरोबरी, आणि बरोबरीवर राष्ट्रीय विजेतेपद जवळपास पदरात. पण प्रशिक्षक टॉम ऑस्बर्न यांनी किक नाकारली आणि विजयासाठी दोन गुणांचा डाव टाकला. फेकलेला चेंडू मायामीच्या खेळाडूच्या हाताला लागून खाली पडला. विजेतेपद गेले. ‘चुकलेच त्यांचे,’ असे म्हणणारे आजही भेटतात. पण बरोबरीवर मिळालेला मुकुट नको म्हणणारा माणूस आपला होता, याचा अभिमान त्यांनाही लपवता येत नाही. ऑस्बर्न पंचवीस हंगाम राहिले, २५५ सामने जिंकले आणि १९९४, १९९५ व १९९७ या तीन हंगामांत त्यांनी विजेतेपदही आणले.

या गप्पांत एक नाव आले की आवाज खाली येतो. ब्रुक बेरिंजर. १९९४ च्या हंगामात रक्ताच्या गुठळ्यांमुळे फ्रेझरला बसावे लागले, तेव्हा या राखीव क्वार्टरबॅकने संघ सांभाळला आणि विजेतेपदाच्या वाटेवर ठेवला. पुढच्या वर्षी फ्रेझर बरा होऊन परतला आणि बेरिंजर पुन्हा बाकावर गेला. तो संघ सोडून गेला नाही. १८ एप्रिल १९९६ रोजी, व्यावसायिक संघांची खेळाडू-निवड दोन दिवसांवर असताना, छोट्या विमानाच्या अपघातात तो मरण पावला. आज स्टेडियमबाहेर ऑस्बर्न यांच्याशेजारी त्याचा पुतळा उभा आहे. संघात त्याच्याहून मोठे खेळाडू होऊन गेले. पण पुतळा उभारावासा वाटला तो बाकावर बसून राहिलेल्या मुलाचा.

आता काळ बदलला आहे. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि एका विद्यापीठातून दुसरीकडे जाताना पूर्वीसारखे वर्षभर थांबावे लागत नाही. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठेच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर.

या बदलाचा चटका नेब्रास्काला बसला तो डिलन रायोला या मुलामुळे. त्याचे वडील डॉमिनिक हे याच संघाचे नावाजलेले खेळाडू. पाच ताऱ्यांचा हा क्वार्टरबॅक २०२३ च्या डिसेंबरात जॉर्जियाला दिलेला शब्द फिरवून वडिलांच्या विद्यापीठात आला, तेव्हा साऱ्या राज्याला घरचा मुलगा परत आल्याचा आनंद झाला. पहिल्याच वर्षी तो संघाचा सारथी झाला. २०१६ नंतर प्रथमच संघ हंगामाअखेरच्या मानाच्या ‘बोल’ सामन्यापर्यंत पोहोचला आणि जिंकलाही. १ नोव्हेंबर २०२५ ला रायोलाचा पाय मोडला, आणि त्याच डिसेंबरात त्याने दुसरे विद्यापीठ शोधायचे ठरवले.

साहजिकच बेरिंजरचे नाव पुन्हा निघाले. ‘निष्ठा राहिली नाही,’ असे म्हणणे सोपे आहे. पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. या मुलांच्या घामावर स्टेडियमे भरत होती, प्रशिक्षकांना लाखो डॉलर मिळत होते, आणि मुलांच्या वाट्याला शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही येत नव्हते. प्रशिक्षक हवे तेव्हा दुसरीकडे जाऊ शकत होते. विद्यार्थी गेला तर मात्र वर्षभर शिक्षा. मोडलेला पाय घेऊन आपल्या भवितव्याचा विचार करणाऱ्या विशीतल्या मुलाला आपण घरातही ‘थांब’ असे म्हटले असते का? बेरिंजरचे थांबणे मोठे होतेच; पण दुसऱ्याकडून ते हक्काने मागता येत नाही.

मग चाहत्यांच्या हाती काय उरते? कदाचित एवढेच, की ते स्वतः थांबलेले आहेत. खेळाडू चार वर्षांसाठी येत, आता दोन वर्षांसाठी येतात. आजोबांची जागा मात्र तीच आहे. सामना हरल्यावरही पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवायची इथली जुनी रीत आजही पाळली जाते. ३० ऑगस्ट २०२३ ला याच मैदानावर विद्यापीठाच्या मुलींचा व्हॉलीबॉल सामना झाला, तेव्हा ९२,००३ माणसे जमली. कोणीतरी आपले खेळते आहे, एवढे कारण त्यांना पुरले.

यंदाही हिवाळ्यात नव्या मुलांची यादी येईल. नातू तारे मोजेल, वडील शंका काढतील आणि आजोबा १९७१ पासून सुरुवात करतील. त्या यादीतला कोण राहील आणि कोण जाईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. तिकिटे मात्र आधीच काढलेली असतील.