जपानी पंगत

जळगांव-धुळ्याकडील घरांत कळण्याची भाकरी, वांग्याचें भरीत व ठेचा एवढें असलें कीं पंगतीस आणखी कांहीं नको असतें. अशीं मंडळी मुंबईस जाऊन सहकुटुंब जपानी उपाहारगृहांत बसलीं, तर प्रथम गोंधळतील. तेथील ताजमहाल हॉटेलांत सन २००४ मध्यें असें एक उपाहारगृह उघडलें. असा प्रसंग आपणांवर केव्हांही येऊं शकेल, म्हणून त्या पंगतीची थोडी माहिती आम्ही येथें देत आहों.

भात, सूप व दोन-तीन तोंडीं लावणीं हा जपानी जेवणाचा गाभा होय. सूप बहुधा मिसोचें असतें. उकडलेले सोयाबीन, मीठ आणि तांदुळावर अगर जवावर वाढविलेली एक उपयुक्त बुरशी एकत्र करून महिनेच्या महिने मुरवितात; त्या लगद्यास मिसो म्हणतात. सूपाचें पाणी कोंबू नामक समुद्रवनस्पतीचें असतें. तिची चव गोड, आंबट, खारट वा कडू यांपैकीं कशांतच बसेना. तेव्हां टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं सन १९०८ मध्यें तींतून ग्लुटामिक आम्ल वेगळें काढलें व त्या चवीस ‘उमामी’ हें नांव दिलें. या पाण्यांत पुष्कळदां सुक्या मासळीचे कापही घालतात. याकरितां शाकाहारी मंडळींनीं आधीं विचारून घ्यावें. सुशी म्हणजे कच्ची मासळी, ही समजूत मात्र चुकीची होय. शिर्का घातलेला भात हा सुशीचा मुख्य भाग. त्याबरोबर मासळी, अंडें किंवा नुसती काकडीही चालते.

जेवण दोन काड्यांनीं करावयाचें. वाटी उचलून तोंडाशीं नेणें तेथें अशिष्ट नव्हे. परंतु काड्या भातांत उभ्या खोंवूं नयेत. मृतास भात अर्पण करितांना तसें करितात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घांसही देऊं नये. दहनानंतर अस्थि तशा उचलतात. आपल्या घरीं उत्तरक्रियेचा विधि कोणीं ताटावर खेळ म्हणून केला, तर वडीलधाऱ्यांस काय वाटेल, याचा विद्यार्थ्यांनीं विचार करावा.

जेवणापूर्वीं ते ‘इतादाकिमासु’ म्हणतात. म्हणजे ‘मी नम्रपणें स्वीकारतों.’ पदार्थ रुचला नाहीं तर न घेण्यास हरकत नाहीं, पण नाक मुरडूं नये. आपल्या कळण्याच्या भाकरीस परक्यानें नाक मुरडलें असतां आपणांस जें वाटेल, तेंच त्यांसही वाटतें.