आंकड्याचा खेळ व कास्तकाराचा हिशेब

गांधीबागेंतील कापडबाजारांत लग्नाचा बस्ता बांधण्यास आलेले एक कास्तकार आम्हांस परवां भेटले. बस्त्याच्या यादीमागेंच त्यांनीं पंधरवड्याचे मटक्याचे आंकडे टिपलेले दिसले!

या खेळाचें मूळ कापसांतच आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारांतील उघडत्या व बंद भावांवर मुंबईंत पैजा लागत. १९६० नंतरच्या दशकांत भावांची जागा मडक्यांतील चिठ्ठ्यांनीं घेतली. ‘मटका’ हें नांव त्यावरूनच पडलें.

आम्हीं त्याच यादीवर हिशेब मांडिला. आंकडे १०, एकेरी आंकडा लागल्यास रुपयाचे ९ देण्याची वहिवाट. दहाही आंकड्यांवर एकेक रुपया लावावा, तर १० गेले व ९ आले. म्हणजे खेळ सचोटीचा धरला तरी शेंकडा १० ची तूट नियमांतच आहे.

“पण बाबूजी, ७ चा आंकडा बरेच दिवसांत आला नाहीं,” ते म्हणाले.

चिठ्ठीस कालचें स्मरण नसतें. आजही ७ ची संधि दहांत एकच. जमिनीचें तसें नाहीं. गतसालचें पीक व खत ती स्मरते, म्हणून तेथील टिपणें कामास येतात. वाचकहो, आंकडे टिपावयाचेच तर शेताचे टिपावे.

बस्ता त्या दिवशीं यादीप्रमाणें पुरा बांधला गेला.