फौजीची ऐनक आणि कारागिराची नजर

वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातील पुणे-सातारा महामार्गालगतचे गाव. खेड शिवापूरला हजरत कमरअली दरवेश यांच्या दर्ग्यावर हाजरी देणाऱ्या वाचक भाईंना हा रस्ता ठाऊकच आहे. या पट्ट्यात फौजेतून पेन्शनवर आलेली माणसे आहेत, आणि पुढे सातारा जिल्ह्यात तर फारच. तिकडचे एक गाव 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. आम्ही कापडाचे व्यापारी, आणि पेन्शनर हे आमचे रोखीचे गिऱ्हाईक. उलगडलेला तागा हात लांब करून न्याहाळणारा मनुष्य दिसला की आम्ही समजतो, याला चाळिशी लागली.

अशांशी बोलताना आढळते की आपल्या हक्काच्या नेत्रोपचाराची माहिती बहुतेकांना अर्धवट आहे. आमचे एक गिऱ्हाईक, नायक म्हणून निवृत्त झालेले, मोतीबिंदू पिकल्यावर थेट एका खासगी इस्पितळात गेले. पदरचे पैसे भरले आणि मग बिल घेऊन पॉलिक्लिनिकात गेले. आधी रेफरल घेतलेले नाही, इस्पितळ यादीवर नाही, तातडीचाही मामला नाही. बिल नामंजूर झाले.

माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. पेन्शनर फौजीने एकदाच वर्गणी भरायची. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि युद्धात शहीद झालेल्यांच्या बेवांना तीही माफ आहे. कार्डावर पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले आईवडील येतात. नेहमीचा रस्ता असा: आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग यादीवरचे नेत्र रुग्णालय. तिथे पैसे भरावे लागत नाहीत. मात्र दर सीजीएचएसचे लागू होतात, आणि डोळ्यात बसवायच्या भिंगालाही मर्यादा असते. डॉक्टर महागडे भिंग सुचवतील तर वरचा फरक कोण भरणार, हे टेबलावर झोपण्याआधी लेखी विचारून घ्यावे. चष्म्याचेही तसेच, फ्रेम घेण्याआधी पॉलिक्लिनिकात चौकशी करावी. शस्त्रक्रियेनंतर नंबर स्थिरावयास साधारण महिना-दीड महिना जातो. त्याआधी भारी ऐनक बनवणे म्हणजे पैसा पाण्यात.

आपल्या लोकांची खरी अडचण वेगळीच आहे. पीपीओवर बायकोचे नाव 'शेख हमीदाबी', आधारवर 'हमीदा', रेशनकार्डावर आणखी तिसरेच. नवरा हयात असेतो हे खपून जाते. तो गेला की बेवेच्या नावाने पेन्शनही अडते आणि कार्डही. नाव दुरुस्तीचे काम रेकॉर्ड ऑफिसकडून होते आणि त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत मिळते. हे काम नवऱ्याने जिवंतपणीच उरकावे. मधुमेह असलेल्या घरात तर उशीर परवडतच नाही, कारण पडद्याचा आजार आणि काचबिंदू दुखत नाहीत, नजर मात्र नेतात. गेलेली नजर काचबिंदूत परत येत नाही.

अग्निवीरांचे काय, असे काही पालक विचारतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या जवानास पेन्शन नाही आणि ईसीएचएसही नाही. मुलगा भरतीस पाठवणाऱ्या घराने हे आधी जाणून घ्यावे. आमच्या मते इथे सरकारने हात आखडला आहे.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. ज्यांच्या घरात फौजीचे कार्ड नाही, त्या शिलाईवाल्याची, जरीवाल्याची, रफूगाराची चाळिशी कुणाच्याच यादीत नाही. आसामच्या चहामळ्यांतील चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे दिसणारे चष्मे देऊन पाहिले गेले. तो अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातील खेड्यांत असाच प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे आठ महिन्यांत चष्मेवाल्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने अधिक भरली. असा नफा कापडाच्या गाठीत आम्ही तरी पाहिला नाही!

कारखानदार भाईंनी आपल्या कारागिरांची नजर वर्षातून एकदा तपासून घ्यावी. नंबरच्या चष्म्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराकडे भाव कमी झाला का, हेही विचारावे. फुटपाथवरची तयार ऐनक दोन्ही डोळ्यांना एकच नंबर देते. ज्यांचे नंबर वेगवेगळे आहेत त्यांचे डोके संध्याकाळी दुखते आणि दोष सुईला दिला जातो. नंबर काढताना आपले काम सांगावे, आणि जमल्यास कापडाचा तुकडा व सुई सोबत न्यावी. जरीवाला किती अंतरावरून पाहतो आणि गल्ल्यावरचा शेठ किती, हे डॉक्टरला सांगितल्याशिवाय कळत नाही.