जुन्या डिझेल गाडीचे पंप टायमिंग

बेळगाव परिसरात आपल्या अनेक कुटुंबांकडे वीस-वीस वर्षांच्या डिझेल गाड्या अजून चालू आहेत. गावच्या यात्रेला किंवा चोर्ला घाटातून गोव्याला जायला त्याच बाहेर निघतात. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना मात्र गाडी धुरावर अडते. भारत स्टेज चारच्या आधीच्या डिझेल गाड्यांसाठी धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज एकक आहे. धूर जास्त दिसला की गॅरेजमध्ये पुष्कळदा पंपाचा डिझेल स्क्रू कमी करून देतात. धूर घटतो, पण गाडी घाटात दम टाकते. म्हणून आमचे सांगणे असे की, स्क्रूला हात लावण्याआधी टायमिंग मोजून घ्यावे.

टायमिंग म्हणजे काय?

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत नोझल डिझेल उडवते व ते आपोआप पेटते. पेटायला साधारण मिलिसेकंदभर उशीर होतो. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगात तेवढ्या वेळात क्रँक 18 अंश फिरतो! त्यामुळे पिस्टन अगदी वर पोचण्याच्या आधीच डिझेल सुटावे लागते. वेगाप्रमाणे ही वेळ पंप स्वतः पुढे नेतो. आपण जुळवतो ते मूळ टायमिंग.

टायमिंग फार पुढे असेल तर इंजिन जोरात ठोकते आणि पिस्टन व हेड गॅसकेटवर ताण येतो. मागे पडले असेल तर सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर येतो, ओढ कमी होते आणि डिझेल जास्त लागते.

आधी काय पाहावे?

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, लाइनमध्ये शिरणारी हवा, नोझल आणि टायमिंग बेल्ट. बेल्ट एक दात जरी चुकला असेल तर पंप वळवून उपयोग नाही. आधी बेल्टच्या खुणा जुळवाव्यात.

कसे मोजतात?

बॉशच्या 'व्हीई' जातीच्या रोटरी पंपाची पद्धत अशी. इंजिन थंड असावे. थंडीत सुरू करण्यासाठीचा ॲडव्हान्स लिव्हर असल्यास तो सुटा असावा. क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे व पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसी खुणेवर आणावा. पंपाच्या हेडच्या मधोमध असलेला प्लग काढून तिथे अडॅप्टरसह डायल गेज बसवावा. आता क्रँक उलटा फिरवत जावे. काटा हलायचा थांबला की गेज शून्यावर आणावा. मग नेहमीच्या दिशेने सावकाश टीडीसीपर्यंत यावे. खूण ओलांडली गेली तर पुन्हा मागे जाऊन पुढे यावे.

गेजवर दिसते ती प्लंजरची उचल. पुष्कळ इंजिनांत ती 1 मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच घ्यावा. आकडा जास्त म्हणजे टायमिंग पुढे, कमी म्हणजे मागे.

फरक असल्यास पाइपांचे युनियन व पंपाचे नट सैल करून पंप किंचित वळवावा. शाफ्टच्या फिरण्याच्या उलट दिशेला वळवला की टायमिंग पुढे जाते. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून पंपाचा 1 अंश म्हणजे क्रँकचे 2 अंश. नट आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना आकडा सरकतो. शेवटी प्लग नव्या वॉशरसह बसवून लाइनमधली हवा काढावी.

सावधगिरी

चालू इंजिनात पाइप किंवा नोझल गळत असेल तर तिथे बोट लावू नये. शंभराहून अधिक बार दाबाचे डिझेल कातडीत शिरते. तसे झाल्यास जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा.

गेज नसेल तर हे काम पंपवाल्याकडूनच करून घ्यावे. कानाने ठोका ऐकून लावलेले टायमिंग अंदाजाचेच असते. आधीचा व नंतरचा, असे दोन्ही आकडे बिलावर लिहून मागावेत आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. पुढच्या मेकॅनिकला मग अंदाजाने सुरुवात करावी लागणार नाही.